सतराव्या विहिरीचा आकडा

संशोधनाच्या त्रैमासिकाचा संपादक नेमकं काय करतो, हे मला घरीसुद्धा कधी नीट समजावून सांगता आलं नाही. बायको शेजाऱ्यांना सांगायची, "हे लोकांचे लेख तपासतात." सासरे विचारायचे, "आणि जावईबापू, तुमचं स्वतःचं कधी छापून येतं की नाही?" या कामाला पगार नव्हता आणि कचेरीही नव्हती. वसई पश्चिमेला आमचं तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. त्यातल्या बाहेरच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, तेच त्रैमासिकाचं कार्यालय. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवायचो आणि नव्वदच्या सुमारापासून पुढची सोळा वर्षं हे संपादन करत होतो. विषय पाणी, माती, हवामान, किनारे. भाषा मराठी. वाचक थोडे, पण चूक सापडली की दोन दोन पानी पत्र लिहिणारे.

बाहेरच्या माणसासाठी काम थोडक्यात सांगतो. लेख आला की मी आवक वहीत त्याची तारीख लिहायचो. लेखकाचं नाव असलेलं पहिलं पान काढून ठेवायचं, आतल्या मजकुरात कुठे नाव डोकावत असेल तर त्यावर पांढरी पट्टी चिकटवायची, झेरॉक्स काढायच्या आणि त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे पाठवायच्या. त्यांना आम्ही परीक्षक म्हणायचो. लेख छापावा, सुधारून घ्यावा की परत पाठवावा, हे ते कळवायचे. परीक्षकाला लेखक कोण ते माहीत नसतं, लेखकाला परीक्षक कोण ते माहीत नसतं. कुणाची भीड पडू नये, कुणाचा राग राहू नये, म्हणून ही व्यवस्था. दोन्ही नावं फक्त संपादकाला ठाऊक.

या कामात गमतीही झाल्या. नाशिकचे एक परीक्षक सगळ्या लेखांवर पोस्टकार्डानं एकच अभिप्राय द्यायचे, "लेख अभ्यासपूर्ण आहे. छापावा." एकदा झेरॉक्सवाल्याच्या चुकीनं त्यांच्याकडे मधली सहा पानं गेलीच नाहीत. तरी कार्ड आलं, "लेख अभ्यासपूर्ण आहे." तेव्हापासून त्यांना मी दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवत राहिलो, लेख नाही. दुसरे एक प्राध्यापक होते. आपल्या लेखासाठी परीक्षक म्हणून त्यांनी स्वतःच एका बाईंचं नाव सुचवलं होतं. अभिप्राय भलताच गोड आला. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून चौकशी केली, तर त्या बाई म्हणजे त्यांची सौभाग्यवती, माहेरच्या नावानं. तो लेख मी परत पाठवला आणि पुढे कित्येक वर्षं हा किस्सा लोकांना रंगवून सांगितला. संपादक कसा जागा असतो, हे त्यात दिसायचं.

अ‍ॅग्नेसबाईंचा किस्सा मात्र मी कुणाला सांगितला नाही.

अ‍ॅग्नेस लोपीस निर्मळजवळच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. चाळिशीच्या आसपासच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. एका रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून त्या स्कूटरवरून थेट आमच्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत बत्तीस पानांचा हातानं लिहिलेला लेख. अक्षर असं की टंकलेखनाची गरज पडू नये.

आठ वर्षं दर महिन्याला त्या आपल्या परिसरातल्या एकतीस विहिरींचं पाणी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांत भरून आणत होत्या आणि शाळेच्या प्रयोगशाळेत त्यातलं मीठ मोजत होत्या. रीत साधी. पाण्यात पिवळं रसायन घालायचं, मग वरून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं मीठ जास्त. आकड्यांवरून दिसत होतं की समुद्राकडून खारं पाणी जमिनीखालून आत सरकतंय, आणि केळी-पानवेलींच्या ज्या वाड्यांतून टँकर भरले जातात तिथे ते जास्त वेगानं सरकतंय.

त्या बोलत असतानाच खाली आमच्या इमारतीचा टँकर येऊन लागला. तेव्हा आम्हा सगळ्या नव्या इमारतींना टँकरचंच पाणी असायचं. पंपाचा आवाज सुरू झाला. अ‍ॅग्नेसबाईंनी खिडकीतून खाली पाहिलं.

"सर, हे पाणी कुठून येतं तुमच्याकडे?"

"माहीत नाही हो. सोसायटीचे सेक्रेटरी बघतात."

"ड्रायव्हर ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडचं आहे. बावीस नंबरची विहीर."

मी ओशाळून हसलो. त्याही हसल्या, आणि विहिरींवरचे किस्से सांगू लागल्या. भातशेतीतल्या एका विहिरीचा म्हातारा मालक त्यांना दर वेळी म्हणायचा, "टीचर, पानी गोडच हाय. तुमच्या बाटलीलाच मीठ लागलंय." तीन वर्षांनी त्यानं स्वतःच निरोप पाठवला होता, जरा येऊन बघा म्हणून.

लेखात एका ठिकाणी तक्त्यातल्या आकड्यावर फुली होती. सतराव्या विहिरीचा एका वर्षीच्या मे महिन्याचा आकडा, दोनशे बारा. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "त्या महिन्यात गाळ काढायला विहीर उपसली होती. पाणीच नव्हतं. मग एप्रिल आणि जूनची सरासरी लिहिली आणि खाली टीप दिली. रिकामी जागा बरी दिसेना." मी म्हटलं, टीप दिलीत हे उत्तम केलंत.

मी आवक वहीत तारीख लिहिली आणि दुसऱ्या दिवशी प्रती काढून दोन परीक्षकांकडे पाठवल्या. पुण्याच्या भूशास्त्रज्ञांचं उत्तर महिन्याभरात आलं. दोन पानांचं कौतुक, तीन शंका, आणि शेवटी, "हे काम कुणाचं आहे ते छापल्यावर मला जरूर कळवा." दुसरे परीक्षक होते डॉ. सबनीस.

सबनीस सर माझे गुरू. भूजल या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. माझा प्रबंध त्यांच्या हाताखाली झाला होता, माझी नोकरी त्यांच्या शिफारशीनं लागली होती, आणि त्रैमासिक चालवणाऱ्या मंडळाच्या सभेत "संपादक मुकुंदाला करा" असं म्हणणारेही तेच. पाण्यावरचा लेख त्यांच्याकडे पाठवायचा नाही, तर कुणाकडे?

परीक्षकांसाठी नियम मीच केला होता. सहा आठवडे वाट पाहायची, मग एक स्मरणपत्र, त्यानंतर दोन आठवड्यांनी लेख परत मागवून दुसऱ्याकडे द्यायचा. सगळ्यांना तो नियम लावला. सबनीस सरांना लावला नाही. तीन महिन्यांनी फोन केला, तर म्हणाले, "बघतोय रे, घाई कसली?" सहा महिन्यांनी म्हणाले, "रोचक आहे. जरा खोलात जायला हवं." वर्ष उलटलं. अ‍ॅग्नेसबाई दर दोन-तीन महिन्यांनी एक कार्ड टाकायच्या, "लेखाचे काय झाले ते सवडीने कळवावे." मी उत्तर द्यायचो, "परीक्षण चालू आहे."

चौदा महिन्यांनी सरांचं जाड पाकीट आलं. आत अर्ध्या पानाचा अभिप्राय होता. माहिती प्राथमिक स्वरूपाची, मांडणीत नावीन्य नाही, अशा स्वरूपाचं काम आधीच प्रसिद्ध झालं आहे, लेख नाकारावा. सोबत एका इंग्रजी नियतकालिकात नुकत्याच आलेल्या त्यांच्या स्वतःच्या लेखाची प्रत, वर निळ्या शाईत "चि. मुकुंदास सप्रेम."

लेख वसईच्या किनाऱ्यावरच्या विहिरींवर होता. एकतीस विहिरी, आठ वर्षं. मी कपाटातून अ‍ॅग्नेसबाईंचा लेख काढला आणि दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवले. विहिरींचे क्रमांक बदलले होते, पण आकडे तेच. मी बोटानं एकेक ओळ खाली येत गेलो आणि दोनशे बारावर थांबलो. फुली नव्हती. टीपही नव्हती. ज्या महिन्यात त्या विहिरीत पाणीच नव्हतं, त्या महिन्याचं मीठ सरांनी मोजलं होतं.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. सरांनी नेहमीसारखं स्वागत केलं. मी दोन्ही कागद समोर ठेवले, पण बोललो फारच सौम्यपणे. "सर, आकडे फारच जुळतायत."

ते जराही विचलित झाले नाहीत. "जुळणारच. ते आकडे चांगले आहेत. बाई कष्टाळू दिसते."

लेखक स्त्री आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं.

"माझा एक विद्यार्थी जाऊन विहिरी बघून आला ना," सर म्हणाले. "गावात कुणालाही विचार, टीचर बाटल्या घेऊन फिरते म्हणून सांगतात. मुकुंदा, तिच्याकडे आकडे होते. त्यांचा अर्थ तिला कळलेला नव्हता. तुमच्या त्रैमासिकात छापून ते चारशे लोकांनी वाचलं असतं. आता जगात वाचतील. पाण्याचं भलं कशात आहे?"

"पण नाव, सर?"

"पुढच्या लेखात आभार मानू. आठवण कर." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू जेवूनच जा."

आणि मी जेवून आलो. हे लिहायलाही जड जातं, पण तसंच झालं. मनात राग होता, तरी वाढलेलं ताट मी बाजूला सारलं नाही.

आज एखाद्या नव्या संपादकानं मला विचारलं, की परीक्षकानंच लेख उचलला तर काय करायचं, तर मी न अडखळता सांगतो. आधी कागद जपा. आवक वहीतली तारीख, पाठवल्याची पोचपावती, मूळ हस्तलिखित, सगळं. परीक्षकाकडे लेखी खुलासा मागा, त्याच्या घरी जाऊ नका. लेखकाला खरं काय घडलं ते सांगा. ज्या नियतकालिकात तो लेख आला त्याच्या संपादकाला पुराव्यासकट कळवा, आणि मूळ लेख पोचल्याच्या तारखेसह लगेच छापा. नाव गुप्त ठेवण्याचा नियम प्रामाणिक परीक्षकाला निर्भयपणे लिहिता यावं म्हणून असतो, चोराला आडोसा म्हणून नसतो. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत नसतं, तर मनाला एवढं लागलं नसतं.

मी काय केलं? घरी आलो, चार दिवस कपाट उघडलं नाही, आणि पाचव्या दिवशी अ‍ॅग्नेसबाईंना पत्र लिहिलं. "परीक्षकांच्या अभिप्रायानुसार आपल्या लेखात नावीन्याचा अभाव असून तत्सम संशोधन यापूर्वी प्रसिद्ध झाले आहे. सबब लेख स्वीकारता येत नाही याचा खेद वाटतो." पुण्याच्या परीक्षकांचं कौतुक त्या पत्रात मी घातलं नाही. घातलं असतं तर त्यांनी प्रश्न विचारले असते.

त्यांचं उत्तर कार्डावरच आलं. "वेळ काढून लेख पाहिल्याबद्दल परीक्षकांचे आभार कळवावेत."

पुढे दीड वर्ष शांततेत गेलं. मग टँकरच्या उपशाबद्दल तालुक्याला एक बैठक झाली. वाडीवाल्यांच्या वतीनं बोलायला अ‍ॅग्नेसबाई गेल्या होत्या. त्यांनी आकडे सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिथले अधिकारी आदरानं म्हणाले, "मॅडम, हे सगळं डॉ. सबनीसांनी शोधून ठेवलंय. तुम्ही त्यांचा लेख वाचलेला दिसतो." आणि त्यांनी लेखाची प्रतच त्यांच्या हातात दिली.

त्याच आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी टेबलावर ती प्रत ठेवली, बाजूला स्वतःची वही उघडली.

"सर, एकच विचारायला आले. सतराव्या विहिरीत त्या मे महिन्यात पाणी नव्हतं. दोनशे बारा हा आकडा विहिरीचा नाही, माझा आहे. मी बेरीज करून निम्मा केला होता. तो ह्यांच्याकडे कसा आला?"

मी काहीतरी पुटपुटलो. योगायोग हा शब्द उच्चारला नाही, एवढीच काय ती लाज राखली.

"माझा लेख तुम्ही कोणाकडे पाठवला होता?"

"परीक्षकाचं नाव सांगता येत नाही, अ‍ॅग्नेसबाई. नियम आहे तसा."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "वर्गात मुलानं शेजाऱ्याचं बघून लिहिलं तर मी पेपर काढून घेते. इथे कोणी काढून घ्यायचा?"

मी म्हटलं, "बघतो मी काय करता येतं ते." दोघांनाही कळलं की मी काही बघणार नाही. बायकोनं चहा आणला होता. तो त्यांनी पूर्ण प्यायला, कप स्वतः आत नेऊन ठेवला, "येते वहिनी" म्हणाल्या आणि गेल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा वाटलं. भांडणाला उत्तर देता येतं.

मी संपादक राहिलो. उलट जास्त कडक झालो. परीक्षकाला सहा आठवड्यांवर एक दिवस मिळेना. लोक म्हणायचे, मुकुंदराव फार काटेकोर. सबनीस सरांकडे मात्र पुन्हा लेख पाठवला नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही, का ते.

सर गेले त्याच्या पुढच्या वर्षी पीएचडी करणारी एक मुलगी माझ्याकडे आली. खारं पाणी कोणत्या वर्षी कुठवर पोचलं याचा नकाशा तिला करायचा होता. सरांच्या लेखातले आकडे तिच्याकडे होते. "पण सर, त्यानंतरचं कुणाकडेच काही नाही," ती म्हणाली. "आणि नेमकी तीच वर्षं महत्त्वाची होती. मी लोपीस टीचरांना भेटले. त्यांनी तो लेख छापून आल्यानंतरही दीडेक वर्ष मोजलंय, आणि मग अचानक बंद केलंय. का ते सांगत नाहीत."

मी महिना विचारला. तिनं वहीत बघून सांगितला. अ‍ॅग्नेसबाई आमच्याकडे चहा पिऊन गेल्या, त्याच्या पुढचा महिना होता तो.

तोवर मी समजत होतो की एका बाईवर अन्याय झाला. त्या मुलीसमोर बसल्यावर कळलं की पाणी सर्वांत वेगानं बिघडलं त्या वर्षांची नोंदच कुठे राहिली नाही, आणि ती आता कुणालाही परत मिळवता येणार नाही.

मी बसून एक निवेदन लिहिलं. लेख कधी आला, कुणाकडे गेला, पुढे काय झालं, आणि त्यात माझा दोष काय. ते आणि अ‍ॅग्नेसबाईंचा मूळ लेख, दोन्ही मी संपादक असतानाच्या शेवटच्या अंकात छापायचं ठरवलं. छपाईआधी तपासायची मुद्रितं घेऊन त्यांच्या गावी गेलो.

घरापुढे वाडी होती, पण केळी विरळ झालेल्या. पानवेलींचे मांडव गेले होते. विहिरीवर लोखंडी जाळी टाकलेली. अंगणात नगरपालिकेचा नळ आला होता. अ‍ॅग्नेसबाईंचे केस पांढरे झाले होते. ओसरीत बसून त्यांनी चष्मा लावला आणि निवेदन सावकाश, शाळेचा पेपर तपासावा तसं वाचलं. एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक दाखवली. मग विचारलं,

"सबनीस हयात असते तर हे छापलं असतंत?"

मी खोटं बोलणार होतो. पण त्या चष्म्यातून बघत होत्या. "नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. राग आल्यासारखं दिसलं नाही. "मग नका छापू, सर."

"अहो, पण लेख तुमचा आहे. लोकांना कळू दे."

"लोकांना काय कळेल सांगू? त्यांचा लेख दहा वर्षांपूर्वीचा, माझा आत्ताचा. आकडे तेच. म्हणतील, टीचरनं उतरवून काढला."

"म्हणूनच तर निवेदन आहे ना सोबत. आवक वहीतली तारीख आहे."

"निवेदन कोण वाचतं, सर? त्यांनी माझी टीपसुद्धा वाचली नव्हती."

मी आग्रह केला. त्यांनी कागद नीट घडी करून परत दिले. नारळपाणी दिलं, नातवाचं कौतुक सांगितलं, फाटकापर्यंत पोचवायला आल्या. अंक निघाला तो या दोन्ही गोष्टींशिवाय. निरोपाच्या संपादकीयात मी सगळ्या परीक्षकांचे आभार मानले.

या दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं पत्र आलं तेव्हा इतक्या वर्षांनी मी त्यांना फोन केला. हे सगळं लिहितोय, चालेल का, असं विचारलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव बदला. माझं इथे सगळं नीट चाललंय."

"आणि सरांचं?"

"ते तुम्ही ठरवा. संपादक तुम्ही होतात."

मी तीन दिवस विचार केला. सरांची मुलं आहेत, विद्यार्थी आहेत, एका सभागृहाला त्यांचं नाव आहे. वर जी नावं वाचलीत, त्यातलं अ‍ॅग्नेस लोपीस हे खरं नाव नाही. डॉ. सबनीस हेही नाही.